सोडणं आणि सोडवणं



मागच्या वर्षी ज्येष्ठ महिन्यात एका संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत जेवणं आटोपली तेव्हा सासूबाईंनी ताट बाजूला सारलं आणि म्हणाल्या, "आजपासून माझा अनुमतित्याग. घरातलं काही मला विचारायचं नाही."

कोणी काही बोललंच नाही. ह्यांनी हात जोडले. जाऊबाईंचे डोळे भरून आले. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, पन्नासएक वर्षं या घराच्या किल्ल्या कमरेला लावून वावरलेली, आणि एका वाक्यात सगळं सोडून मोकळी झाली! मी तर त्या रात्री माझ्या वहीत लिहून ठेवलं: "अवस्था आठवी. एकात्मता. उत्तम उदाहरण." ते पान मी अजून फाडलेलं नाही. समुपदेशक म्हणून माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक त्या पानावर आहे.

ही वही कसली, ते आधी सांगते. लेक पुण्याला शिकायला गेली आणि माझ्या दुपारी रिकाम्या झाल्या. बी.ए.ला मानसशास्त्र होतं, ते वीस-बावीस वर्षं डब्यात पडून होतं. सेहेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा दप्तर उचललं आणि समुपदेशनाची पदविका केली. आता आठवड्यातून दोन दुपारी इतवारीतल्या एका ट्रस्टच्या खोलीत बसते. दोन खुर्च्या, एक पंखा, पाण्याची बाटली आणि आतून लागणारी कडी, एवढंच सामान. सुरुवातीला बायका यायच्या त्या पदर डोक्यावरून पुढे ओढून. आपल्या नागपुरात अजून मनाचं दुखणं म्हटलं की लोकांना पागलखाना चौकच आठवतो!

तिथे आलेल्या बायकांच्या गोष्टी मी इथे लिहिणार नाही. नाव बदलून, गाव बदलूनसुद्धा नाही. आपला समाज एवढासा, दोन खुणा दिल्या की तिसरी बाई नाव सांगते. म्हणून माझ्याच घरची गोष्ट सांगते, तीही सासूबाईंना पूर्ण वाचून दाखवून आणि त्यांची परवानगी घेऊन. वाचून झाल्यावर त्यांनी एक दुरुस्ती सांगितली, ती शेवटी येईल.

पदविकेत आम्हाला माणसाच्या आयुष्याच्या टप्प्यांचा विषय होता. जन्मापासून मरणापर्यंत मन कसं कसं वाढतं, कुठल्या वयात त्याच्यापुढे कुठला पेच येतो, याचा अभ्यास. त्यात मुख्य नाव एरिक एरिक्सन यांचं. जर्मनीत वाढलेला हा माणूस १९३३ साली अमेरिकेत गेला. विद्यापीठाची पदवी त्यांनी कधी घेतलीच नाही आणि पुढे हार्वर्डमध्ये प्राध्यापक झाले. (हे वाचून मला फार धीर आला होता.) १९५० साली त्यांचं 'चाइल्डहूड अँड सोसायटी' हे पुस्तक आलं, त्यात त्यांनी आयुष्याच्या आठ अवस्था मांडल्या. तान्ह्या बाळापुढे प्रश्न असतो विश्वासाचा: मी रडलो तर कोणी येईल का? दोन-तीन वर्षांच्या मुलापुढे 'माझं मी करीन'चा. शाळेतल्या मुलापुढे 'मला जमतं का'चा. वयात येणाऱ्या पोरीपुढे 'मी कोण'चा. मग जवळिकीचा. मग मधल्या वयात, साधारण चाळिशी ते साठी-पासष्टीत, प्रश्न येतो तो असा: माझ्यानंतर येणाऱ्यांसाठी मी काही करते आहे, की एका जागी साचून राहिले आहे? आणि शेवटच्या अवस्थेत: जे आयुष्य जगले ते माझंच होतं, असं म्हणून ते ओंजळीत घेता येतं का, की हुरहुर आणि वैताग तेवढा उरतो? पहिल्याला एकात्मता म्हणतात, दुसऱ्याला वैफल्य.

आमच्या नोट्समध्ये याचा तक्ता होता. डावीकडे वय, उजवीकडे पेच. परीक्षेसाठी तो तक्ता मी स्वयंपाकघरात फ्रिजवर चिकटवला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला त्यात बसवत होते. लेक पाचवी, मी सातवी, सासूबाई आठवी. दूधवाल्याचा मुलगासुद्धा सुटला नाही!

एरिक्सन यांचा आपल्याकडे एक धागा आहे, तो तुम्हाला आवडेल म्हणून थोडं विषयांतर करते. १९६२ साली ते अहमदाबादला आले होते ते मानवी जीवनचक्रावरच्या चर्चासत्रासाठीच. तिथे त्यांचा परिचय साराभाई कुटुंबाशी झाला आणि १९१८ च्या गिरणी संपाची हकिकत त्यांच्या मनात घर करून राहिली. त्या संपात गिरणीमालकांच्या बाजूला अंबालाल साराभाई होते आणि मजुरांच्या बाजूला त्यांचीच सख्खी थोरली बहीण, अनसूयाबेन. जैन घरातली ही बाई. लहानपणी लग्न झालं, ते टिकलं नाही. डॉक्टर व्हायला म्हणून इंग्लंडला गेली आणि तिथे प्राण्यांची चिरफाड करावी लागणार हे कळल्यावर तो अभ्यास सोडून दुसरीकडे वळली. गांधीजी या संपात मजुरांसोबत होते आणि शेवटी त्यांनी उपवास धरला. त्यावर एरिक्सन यांनी लिहिलेलं 'गांधीज् ट्रुथ' १९६९ साली आलं आणि त्याला पुलित्झर पारितोषिक मिळालं. मला त्यात सगळ्यात जास्त काय भिडलं असेल तर गांधीजींचं वय. संपाच्या वेळी ते अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. नेमकं माझं वय! एरिक्सन यांचं लक्षच तिथे आहे: मधल्या वयातला माणूस आपल्या घरापलीकडच्या लोकांची जबाबदारी अंगावर कशी घेतो. पुढे हेच गांधीजी आपल्या शेजारी, सेवाग्रामला येऊन राहिले. तिथल्या नई तालीमचेही पुढे पूर्व-बुनियादी, बुनियादी, उत्तर-बुनियादी आणि प्रौढशिक्षण असे टप्पेच पडले.

हे सगळं वाचून मी फुगले होते, हे कबूल करते. अठ्ठेचाळीस म्हणजे काहीतरी घडवायचं वय. मी काय घडवलं? स्वयंपाकघर!

हसू नका. वैशाखात सासूबाई महिनाभर माहेरी, कारंजाला गेल्या होत्या. त्या नसताना आम्ही ओटा फोडला. नवी कपाटं केली, सरकणारे कप्पे, वर धूर ओढणारं यंत्र. पितळी डबे माळ्यावर गेले. कोपऱ्यातलं दगडी जातं गॅलरीत नेलं आणि त्यावर मी मोगऱ्याची कुंडी ठेवली. फार शोभून दिसत होतं, येणाऱ्या बायका फोटो काढायच्या. सासूबाई कारंजाहून आल्या, सगळं फिरून पाहिलं, "छान झालं" म्हणाल्या आणि खोलीत गेल्या. त्यानंतर आठ दिवसांनी ती संध्याकाळ आणि तो अनुमतित्याग.

पुढचे पंधरा दिवस घर फार शांत होतं. वरणात मीठ जास्त झालं तरी काही बोलणं नाही. मोलकरीण दांडी मारो, गॅस संपो, "माझा त्याग आहे." मी मैत्रिणींना सांगत होते की घरातच एक साधक आहे आमच्या. पण हळूहळू त्यांचं दुपारचं जेवण एका पोळीवर आलं. पोलकं खांद्यावरून उतरायला लागलं. स्वाध्यायाला जाणं चुकू लागलं. मंदिरातून आल्या की त्या भिंतीकडे तोंड करून पडायच्या.

मग माझ्यातली नवी समुपदेशक जागी झाली. रॉबर्ट बटलर नावाच्या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी १९६३ साली मांडलं होतं की म्हातारपणी माणूस मागचं आठवतो ते बुद्धी चळली म्हणून नव्हे. मरण जवळ आल्याच्या जाणिवेतून तो आयुष्याची उजळणी करत असतो. चांगली गोष्ट. मी जुने अल्बम काढले आणि एका दुपारी सासूबाईंसमोर मांडले. त्यांनी चार पानं उलटली. लग्नाचा फोटो, मामंजींचा फोटो, बाळपणीच गेलेल्या त्यांच्या एका मुलाचा फोटो. अल्बम मिटून माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "यातले सगळे गेले, बाई. आता काऊन दाखवून राहिली?"

त्या रात्री त्या जेवल्याच नाहीत.

नंतर बटलर नीट वाचले तेव्हा कळलं, त्यांनी हेही लिहिलं आहे की या उजळणीतून काही जणांना समाधान मिळतं, तर काहींना अपराधीपण आणि खोल निराशा येते. कोणी आपणहून आठवत असेल तर ऐकायला बसावं. दुपारच्या मोकळ्या वेळात अल्बम घेऊन कोणाच्या छातीवर बसू नये.

मी घाबरले आणि आमच्या मॅडमकडे गेले. समुपदेशन करणाऱ्या प्रत्येकीने आपल्यापेक्षा अनुभवी माणसाकडे जाऊन आपलं काम तपासून घ्यायचं असतं. त्यांनी आधी मला खडसावलं. घरच्या माणसाची समुपदेशक व्हायचं नाही, हा पहिला धडा होता ना? सून म्हणून जे आहे ते सून म्हणून करा. दुसरं, डॉक्टरांकडे नेलं का? नव्हतं नेलं. मनाचे सिद्धान्त लावायच्या आधी शरीर पाहायचं असतं, ते मी विसरूनच गेले होते. तपासण्या केल्या तर बी-१२ बरंच कमी निघालं. मैत्रिणींनो, हे जरा लक्षात ठेवा. बी-१२ मुख्यतः प्राणिजन्य अन्नातून मिळतं. आपल्या आहारात ते थोडंफार दूध-दह्यातून येतं आणि म्हातारपणी दूधही सुटलेलं असतं. साखरेसाठी मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांतही ते कमी होतं, आणि सासूबाई ती गोळी घेतात. त्याने थकवा येतो, हातापायांना मुंग्या येतात, विसरायला होतं, मनही उतरतं. इंजेक्शनं सुरू झाली. मुंग्या कमी झाल्या, पण भिंतीकडे तोंड करून पडणं तसंच राहिलं.

तिसरा प्रश्न मॅडमनी सहज विचारावा तसा विचारला. "हा त्याग त्यांनी कुठल्या तारखेला घेतला? आणि त्याच्या आधीच्या आठवड्यात घरात काय झालं?"

मी तारीख सांगितली. आणि पुढचं बोलायला लागले तेव्हा ओटा, कपाटं, जातं असं एकेक माझ्याच तोंडून बाहेर पडत गेलं. मॅडम काही बोलल्या नाहीत. तक्त्याची घडी करून त्यांनी माझ्या वहीत ठेवली आणि एवढंच म्हणाल्या, "हा तक्ता विचारायला आहे, लिहायला नाही."

त्याच आठवड्यात ह्यांच्या आत्या आल्या. स्वाध्यायात मुरलेली बाई. तिला मी मोठ्या कौतुकाने त्यागाचं सांगितलं, तर कपाळाला आठ्या. "अनुमतित्याग म्हणजे दहावी प्रतिमा. मधल्या सगळ्या झाल्या का हिच्या? सातवी ब्रह्मचर्य, आठवी आरंभत्याग, नववी परिग्रहत्याग. घेतल्या कोणाकडून? बँकेची लॉकरची चावी अजून हिच्याच बटव्यात आहे ना?" होती. आत्यांनी रत्नकरंडक श्रावकाचार काढून दाखवला. समंतभद्राचार्यांनी दहाव्या प्रतिमेचा श्रावक सांगितला आहे तो असा: घरच्या उद्योगाला, संपत्तीच्या व्यवहाराला, ऐहिक कार्यांना ज्याची संमती नसते आणि ज्याची बुद्धी सम असते तो. आत्यांनी बोट ठेवलं ते त्या शेवटच्या शब्दावर. "सम. राग नको आणि लोभही नको. ही तर रुसली आहे!"

मी किती वर्षं अकरा प्रतिमांची नावं पाठ म्हणत आले आहे. तरी मला दिसलं नाही, कारण मला फ्रिजवरचा तक्ता दिसत होता. सुधीर कक्कर यांनी १९७८ च्या 'द इनर वर्ल्ड'मध्ये एरिक्सन यांच्या अवस्था आणि चार आश्रम शेजारी शेजारी ठेवून पाहिले आहेत. तरुणपणी अहमदाबादलाच त्यांची एरिक्सन यांच्याशी भेट झाली होती. आश्रमांना वयाचा हिशोब आहे, म्हणून ते शेजारी बसतात. आपल्या प्रतिमांना तसा हिशोब नाही. तिशीतली बाई सातवी घेऊ शकते आणि नव्वदीतल्या आजोबांची पहिलीही झालेली नसते. पायरी चढली की नाही हे जन्मतारखेवरून कळत नाही. एरिक्सन यांचंही म्हणणं नीट वाचलं तर तेच आहे. जुने पेच पुन्हा पुन्हा उघडतात, पुढच्या अवस्थेत गेलं म्हणून मागची संपत नाही. १९८६ साली त्यांनी पत्नी जोन आणि हेलन किव्हनिक यांच्याबरोबर बर्कलेच्या एकोणतीस वृद्धांशी झालेल्या बोलण्यावरून एक पुस्तक लिहिलं. त्यात म्हातारपण म्हणजे दुरून पाहत बसणं नव्हे, गुंतून राहणं आहे, हाच सूर आहे. मधल्या वयातल्या माणसाबद्दल त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं, त्याचा आशय असा की आपली कोणाला तरी गरज असावी, हीच प्रौढ माणसाची गरज असते. चौऱ्याहत्तराव्या वर्षी ती गरज संपते असं कुठे लिहिलं आहे? ते मी लिहिलं होतं, माझ्या वहीत.

आणि पिढ्या एकमेकींत यंत्राच्या दातेरी चाकांसारख्या अडकलेल्या असतात, ही त्यांचीच कल्पना. एका चाकाला गती दिली की शेजारचं फिरणारच. मी माझं 'घडवायचं वय' साजरं केलं ते दुसरीच्या चाकाचे दाते मोडून. एकाच ओट्याशी आम्ही दोघी एकाच अवस्थेत उभ्या होतो आणि ओटा माझ्या एकटीच्या उंचीचा करून घेतला.

आषाढ लागला. आमच्याकडच्या मंदिरात मुनिसंघाचा चातुर्मास ठरला आणि आमच्या घरी चौका लावायचा दिवस आला. जिने कधी चौका लावला असेल तिला माहीत आहे, दिवसातून एकदाच, उभ्याने, ओंजळीत आहार घेणाऱ्या मुनींसाठी करायचा तो स्वयंपाक म्हणजे चेष्टा नव्हे. आतापर्यंत सगळं सासूबाई पाहायच्या, मी हाताखाली असायचे. त्या सकाळी मी पीठ काढलं आणि हात थांबला. हे पीठ कधीचं? पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, थंडीत सात, एवढं पाठ होतं. पण मोजायचं कधीपासून, दळल्याच्या दिवसापासून की दुसऱ्या? गाळलेलं पाणी किती वेळ चालतं, तापवलेलं किती? दारात उभं राहून विचारलं, तर "माझा त्याग आहे."

मी खोलीत जाऊन त्यांच्या पलंगाशी खाली बसले. समुपदेशनात शिकवलेली एकही गोष्ट त्या वेळी आठवली नाही. म्हटलं, "आई, जातं मी तुम्हाला न विचारता हलवलं. डबेही. चुकलं माझं."

बराच वेळ त्या पंख्याकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "त्या जात्यावर मी ह्या घरात आल्यावर पहिलं दळण दळलं. माझ्या सासूने समोर बसून दळवून घेतलं. हाताला फोड आले होते. ते काही फार आवडीचं नव्हतं मला." थांबल्या. "पण कुंडी ठेवायच्या आधी विचारायचं होतं. मी काही सोडलं नव्हतं, बाई. तुम्ही सोडवलं माझ्याकडून. मग म्हटलं, निदान नाव तरी चांगलं देऊ."

मैत्रिणींनो, मी पुष्कळ पुस्तकं वाचली आहेत या विषयावर. हे वाक्य कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

त्या दिवशीचं पीठ त्यांनी बाद केलं. घरघंटीवर नवं दळलं. त्याआधी गहू शोधायला त्या स्वतः बसल्या, पण मोतीबिंदूमुळे खडा दिसेना. मग लेकीच्या टेबलावरचा दिवा आणून त्यांच्या परातीवर लावला. पाट सोडून खुर्चीवर बसल्या. भाजी, डाळ, बाकीचं सगळं जाऊबाईंवर आणि माझ्यावर सोपवलं, "तुमचं तुम्ही पाहा" म्हणून. धान्य आणि पाणी, या दोन गोष्टी मात्र त्यांच्या.

नंतर मला आठवलं, हेच तर पॉल बाल्टेस आणि मार्ग्रेट बाल्टेस या जर्मन जोडप्याने मांडलं आहे. म्हातारपणी ज्यांचं बरं चालतं ते काय करतात? थोड्याच गोष्टी निवडतात, त्या जास्त निगुतीने करतात आणि जे कमी पडतं त्याची दुसऱ्या वाटेने भर काढतात. त्यांचं आवडतं उदाहरण आर्थर रुबिनस्टाइन या पियानोवादकाचं. ऐंशीच्या घरातही एवढं छान कसं वाजवता, असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं होतं की आता रचना थोड्याच घेतो, त्यांचा सराव जास्त करतो आणि जलद जागा येण्याआधी मुद्दाम संथ वाजवतो, म्हणजे पुढचं जलद वाटतं. आमच्याकडे त्याच तीन गोष्टी परात, गहू आणि लेकीच्या दिव्यावर झाल्या. आणि सासूबाईंना बाल्टेस कोणी शिकवले नव्हते.

सगळं छान झालं असं मात्र समजू नका. वजन अजून पूर्ण भरलेलं नाही. काही दुपारी त्या अजून भिंतीकडे तोंड करून असतात, आणि त्या मुलाच्या फोटोचं दुःख जात्याचं नव्हतंच, ते जुनंच होतं. मॅडमच्या ओळखीच्या एका बाईंकडे त्या तीनदा गेल्या. "मी काही वेडी नाही" म्हणत गेल्या, पण गेल्या. काय बोलणं झालं ते मी विचारलेलं नाही. तुमच्या घरी कोणी पंधरा दिवसांहून जास्त असं उदास, जेवणावरून मन उडालेलं असेल, तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका आणि "वैराग्य आलं" म्हणून मिरवूही नका. डॉक्टरांना दाखवा. सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६ या नंबरवर मराठीतही बोलतात.

ट्रस्टच्या खोलीत माझं काम मात्र बदललं. पूर्वी बाई बसली की मी मनात तिचं वय धरून रकाना शोधायचे. आता तारखा विचारते. हे कधीपासून वाटतं, त्याआधी घरात काय बदललं, तुमच्याकडचं कुठलं काम कोणी काढून घेतलं. लग्न लांबलेल्या मुलींच्या आया येतात, त्यांच्याशी बोलताना बर्निस न्यूगार्टन या शिकागोच्या प्राध्यापकबाईंची एक कल्पना फार उपयोगी पडते. त्या म्हणत, प्रत्येक समाजाच्या मनात एक घड्याळ असतं, कुठल्या वयाला काय व्हायला हवं याचं. गोष्ट घडण्यापेक्षा ती वेळेवर न घडण्याचा ताण माणसाला जास्त होतो. आपल्याकडे तर ते घड्याळ परिचय संमेलनाच्या पुस्तिकेत छापूनच मिळतं! मी आयांना विचारते, त्रास मुलीला होतो आहे की घड्याळाला? बहुतेक वेळा त्या आधी रागावतात, मग हसतात.

लेकीचंही सांगायला हवं. ती एकोणीस वर्षांची, 'मी कोण'वाली. पुण्याच्या मेसमध्ये बटाटा खाते, हे तिने मला सांगितलं नाही, आजीला सांगितलं. आजी रागावली नाही. चतुर्दशीला हिरवी भाजी नको तर काय खाऊ, असं तिने विचारलं तेव्हा आजीने मुगवड्या करून पाठवल्या आणि मेसच्या गॅसवर कशा शिजवायच्या ते व्हिडिओवर समजावलं. बटाट्याचं काय ठरलं दोघींचं, ते मला कळलेलं नाही. माझ्या लक्षात एवढंच आलं की त्या फोननंतर सासूबाई जेवायला स्वतः उठून आल्या. जोन एरिक्सन यांनी पतीच्या निधनानंतर, १९९७ साली, नव्वदी ओलांडलेली असताना आठ अवस्थांत नववी जोडली. शरीर साथ सोडतं तेव्हा पहिल्या बाळपणाच्या विश्वासापासून सगळे पेच पुन्हा दार ठोठावतात, असं त्यांचं म्हणणं. फ्रिजवरच्या तक्त्यात ती रांगच नव्हती.

जातं आता पुन्हा स्वयंपाकघरात आहे. सरकणाऱ्या कप्प्यांपुढे ते आडवं येतं, दोन कप्पे अर्धेच उघडतात आणि येणाऱ्या बायका आता फोटो काढत नाहीत. अनुमतित्याग सासूबाईंनी अधिकृतपणे मागे घेतलेला नाही. घरात भांडण लागलं की "माझा त्याग आहे हो" म्हणून त्या छान निसटतात. मसाल्याच्या कप्प्याची उंची कोणी ठरवली हे मात्र रोज विचारतात.

हे सगळं मी त्यांना काल वाचून दाखवलं. चष्मा पुसत शांतपणे ऐकलं. मुलाच्या फोटोची ओळ ठेवू का, असं विचारलं तर "ठेव" म्हणाल्या. मग म्हणाल्या, "एक चुकलं आहे. त्या जात्यावर मोगरा नव्हता, सदाफुली होती. मोगरा तू नंतर आणला."